बिल नसलेला खर्च : वनजिल्ह्यांतील वैद्य आणि आयकरातील वजावट

वार्षिक विवरणपत्र भरण्याची वेळ जवळ आली की आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू व औषधालयचालक पावत्यांनी भरलेली एक पिशवी घेऊन सीएच्या कार्यालयाची पायरी चढतात. त्या पिशवीत घरच्या फ्रीजचे बिल असते, मुलांच्या शिकवणीची पावती असते, आयुर्विम्याचा हप्ता असतो. नसतो तो वर्षभर आठवडी बाजारांतून आणलेल्या हिरडा, बेहडा, आवळकाठी, बेलफळ, गुळवेल यांचा हिशेब. आणि नसते ती पावसाळ्यात चिखल तुडवीत खेड्यांतील रुग्णांकडे केलेल्या फेऱ्यांची नोंद. सीए महाशय फ्रीजचे बिल बाजूला काढतात, विम्याचा हप्ताही बाजूला ठेवतात, आणि मग विचारतात, “डॉक्टर, खर्च कुठे आहे?”

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वैद्याची खरी अडचण ही आहे. नागपूर वा पुण्याचा व्यवसायबंधू घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतो, त्याला छापील बिल मिळते. आपला माल जंगलातून डोक्यावरच्या टोपलीत येतो, पायलीने मोजला जातो आणि रोखीने विकला जातो. हा खर्च कायद्याला मान्य आहे. आपणच तो सिद्ध करता येईल अशा रीतीने लिहीत नाही.

प्रस्तुत लेखक लेखापाल नाही. परंतु या विषयात त्याने एकदा स्वतःच्या चुकीची किंमत मोजलेली आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहे. माझे चिकित्सालय मूल-गडचिरोली मार्गावरील एका गावात असून त्याला लागूनच माझ्याच नावाचे औषधालय आहे. २०११-१२ या आर्थिक वर्षात पौषापासून फाल्गुनापर्यंत मी चार वेळा मोठी खरेदी केली. एका बाजारात तीसेक स्त्री-पुरुषांकडून हिरडा, आवळकाठी, मध व वाळलेली सफेद मुसळी घेतली आणि रात्री घरी येऊन रोकडवहीत एकच ओळ लिहिली : ‘बाजार खरेदी, रोख, रु. २३,४००.’ अशा चार ओळींची बेरीज ९१,२०० रुपये होती. पुढे त्या वर्षाचे विवरणपत्र छाननीस निघाले. कोणाला दिले, या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नव्हते. एका व्यक्तीस एका दिवशी २०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च त्या काळी अमान्य होत असे, आणि माझी प्रत्येक ओळ एका व्यक्तीस दिलेल्या एका रकमेसारखी दिसत होती. चारही ओळी उत्पन्नात मिळविल्या गेल्या. अधिकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. मी तीस जणांना सरासरी आठशे रुपयेही दिले नव्हते. पण ते मला ठाऊक होते, वहीला नव्हते. कर व व्याज मिळून जी रक्कम भरली, तीत चूर्णासाठी एक लहान पल्व्हरायझर आला असता.

खर्चाचे निदान

आयकर कायदा १९६१ मधील कलम ३७(१) हे या विषयाचे सूत्रस्थान होय. खर्च भांडवली नसावा, खासगी नसावा, तो पूर्णतः व केवळ व्यवसायासाठी झालेला असावा, आणि तो कायद्याने निषिद्ध अशा कामासाठी झालेला नसावा, इतकाच त्याचा आशय. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नास हा कायदा लागू असून १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आयकर कायदा २०२५ लागू आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण हे मूळ तत्त्व कायम आहे. लेखात जुने क्रमांक परिचयाचे म्हणून दिले आहेत. नवे क्रमांक आपापल्या सीएकडून लिहून घ्यावेत.

ज्वर एकच दिसला तरी हेतुभेदाने त्याची चिकित्सा बदलते, तसेच खर्चाचे आहे. चिकित्सालयाच्या छपराची फुटलेली कौले पावसाळ्यापूर्वी बदलली तर ती दुरुस्ती. तिचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. तीच कौले काढून स्लॅब टाकला तर तो भांडवली खर्च झाला, त्यावर दरवर्षी १० टक्के घसारा मिळेल. स्वेदनपेटी, शिरोधारेचे यंत्र, पल्व्हरायझर यांवर १५ टक्के, खुर्च्या-टेबल-कपाटांवर १० टक्के, संगणकावर ४० टक्के. वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरली असल्यास त्या वर्षी निम्मा दर. व्यावसायिकाच्या मालकीच्या ग्रंथांवरही ४० टक्के घसारा मिळतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. चरक-सुश्रुताच्या सटीक आवृत्त्या आपण हजारो रुपये देऊन घेतो आणि हिशेबात त्यांचा मागमूसही नसतो.

खासगी खर्चाविषयी एक निकाल स्मरणात ठेवण्याजोगा आहे. ख्यातनाम विधिज्ञ शांती भूषण यांनी आपल्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च वकिली व्यवसायाचा म्हणून वजा मागितला होता. हृदय हे व्यवसायाचे संयंत्र आणि शस्त्रक्रिया ही त्याची दुरुस्ती, असाही एक युक्तिवाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली तो अमान्य केला. हृदय सर्वांनाच लागते, वकिलासच नव्हे. आपण स्वतःसाठी करवून घेतलेल्या बस्तिक्रमाचा खर्च चिकित्सालयाच्या नावे टाकणाऱ्या बंधूंनी हे ध्यानी घ्यावे.

मोटारसायकल, मोबाइल, विजेचे बिल ही मिश्र प्रकृतीची प्रकरणे. घराच्या पुढच्या खोलीत चिकित्सालय असेल तर भाडे व वीज व्यवसायाच्या प्रमाणात वजा होते, पूर्ण नव्हे. शक्य तेथे विजेचे मीटर वेगळे घ्यावे. गाडीचे म्हणाल तर बहुतेक जण ‘ऐंशी टक्के व्यवसाय’ असे अंदाजाने लिहून मोकळे होतात. माझ्या टेबलावर एक साधी डायरी असते. तीत तारीख, गाव, रुग्ण आणि किलोमीटर एवढेच लिहितो. सावली, व्याहाड, पलीकडे चामोर्शीपर्यंतच्या फेऱ्या जेव्हा मी प्रथम मोजल्या, तेव्हा माझा स्वतःचाच अंदाज खरा खर्च कमी दाखवीत होता असे दिसून आले.

नव्या करप्रणालीत कोणतीही वजावट मिळत नाही, असा एक गैरसमज आपल्या बैठकांतून वारंवार ऐकू येतो. त्या प्रणालीत विमा, भविष्यनिर्वाह निधी अशा व्यक्तिगत गुंतवणुकींच्या वजावटी बहुतांशी नाहीत, हे खरे. व्यवसायाचा खर्च मात्र दोन्ही प्रणालींत वजा होतो. तो वजा झाल्यावर जे उरते तेच मुळी आपले उत्पन्न.

बाजारातील रोख

१ एप्रिल २०१७ पासून रोखीची मर्यादा २०,००० वरून १०,००० रुपयांवर आली आणि नव्या कायद्यातही ती तेवढीच आहे. एका व्यक्तीस एका दिवसात याहून अधिक रोख दिल्यास ती सगळीच रक्कम खर्च म्हणून अमान्य होते, केवळ वरची नव्हे. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. यंत्रसामग्रीचीही हीच कथा : पल्व्हरायझर रोखीने घेतला आणि एका दिवशी १०,००० रुपयांहून अधिक दिले, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही.

या नियमाला १९६२ च्या आयकर नियमावलीतील नियम ६ डीडी ने जे अपवाद दिले, त्यांतील दोन जणू आपल्याच जिल्ह्यांसाठी लिहिलेले वाटतात. शेतमाल वा वनोपज त्याच्या उत्पादकाकडूनच घेतले असेल तर रोखीची मर्यादा लागू होत नाही. तसेच ज्या गावात त्या दिवशी बँकेची सेवा नाही, त्या गावच्या रहिवाशास अथवा तेथे व्यवसाय करणाऱ्यास त्याच गावी दिलेल्या रोख रकमेसही ती लागू होत नाही. एटापल्ली, भामरागडच्या अंतर्भागात खरेदी करणाऱ्यांना दुसऱ्या अपवादाचे महत्त्व सांगावयास नको.

परंतु अपवादाचा आधार घेताना शब्द नीट वाचावेत. उत्पादकास दिलेली रोख चालते. त्याच्याकडून माल गोळा करून विकणाऱ्या दलालास दिलेली चालत नाही. जंगलातून हिरडा वेचून आणणारी स्त्री ही ‘उत्पादक’ होय की नव्हे, असा प्रश्न एखादा अधिकारी उपस्थित करू शकतो. वन हक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क पारंपरिक वननिवासींना दिलेला आहे. त्यामुळे तिचे स्थान व्यापाऱ्याचे नव्हे, हे म्हणण्यास भक्कम आधार आहे असे माझे मत आहे. तरीही वादास जागाच कशाला ठेवावी? वेचणाऱ्या व्यक्तीकडून एका दिवशी १०,००० रुपयांचा माल आपण क्वचितच घेतो. प्रत्येकीची नोंद वेगळी असली की अपवादाची गरजही पडत नाही. माझ्या ९१,२०० रुपयांचे रहस्य एवढेच होते.

आता मी बाजारात जाताना रेघा मारलेली एक वही नेतो. विक्रेत्याचे नाव, गाव, वस्तू, माप, दर, रक्कम आणि सही किंवा अंगठा. प्रथम वही उघडली तेव्हा धानोऱ्याकडील एका वृद्धेने विचारले, “कायले जी डाक्टर, अंगठा?” दहा रुपयांच्या बेलफळांसाठी आजवर तिला कोणी अंगठा मागितला नव्हता. ‘सरकारला दाखवायचं आहे की पैसे तुम्हाला दिले’ असे सांगितल्यावर ती हसली आणि मग दर वाढवून मागितला. तो मी दिला. आता तरुण विक्रेत्यांकडे क्यूआर कोड असतो, तेथे यूपीआयने पैसे दिले की रोखीचा प्रश्नच मिटतो. मात्र नेटवर्क नसलेल्या गावांत वहीला पर्याय नाही.

मोठी खरेदी करावयाची असल्यास ग्रामसभेशी थेट व्यवहार करण्याचा मार्ग अधिक श्रेयस्कर. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावास २०१२ साली हा हक्क मिळाला. ग्रामसभा बांबू-वनोपजाचा व्यापार आपल्या नावाने करू लागल्या, याचा आपल्यासारख्या लहान खरेदीदारास लाभ असा की बँक खात्यावर रक्कम भरता येते, ग्रामसभेची पावती मिळते आणि वाहतूक परवानाही सोबत येतो. परवाना लागणारा माल परवान्याविना आणला तर पावती असूनही तो खर्च ‘निषिद्ध कामासाठी’ झाल्याचा आक्षेप येऊ शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ने ज्यांचा व्यापार बंद केला, त्या प्राणिज द्रव्यांविषयी तर बोलावयासच नको. हरणाचे शिंग मृगशृंग भस्मासाठी घेतले, अशी नोंद वहीत करणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवणे होय. दंडाची रक्कमही खर्चात धरता येत नाही.

चिकित्सालय एक, औषधालय दुसरे

औषधनिर्मितीच्या परवान्यातून स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने सूट दिली आहे. असा वैद्य औषधासह शुल्क घेतो, तेव्हा ती सर्व जमा त्याच्या व्यवसायाची आणि वनौषधींची किंमत हा त्या व्यवसायाचा खर्च. औषधालयातून कोणासही केलेली विक्री हा व्यापार. दोहोंची जमा आणि साठा वेगळा ठेवावा, हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

लहान व्यावसायिकासाठी अनुमानित करआकारणीची सोय आहे. कलम ४४ एडीए नुसार वैद्याने ५० लाखांपर्यंतच्या जमेवर (रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, हिशेबाच्या वह्यांची सक्ती नाही. ज्याचा मुख्य खर्च खोलीभाडे आणि एक मदतनीस एवढाच आहे, त्याला ही सोय लाभाचीच. परंतु आपल्याकडे शंभर-दीडशे रुपयांत तपासणी आणि आठ दिवसांचे औषध दोन्ही देणारे वैद्य पुष्कळ आहेत. त्यांचा औषधांचा खर्च निम्म्याहून वर जातो. उदाहरणार्थ, जमा ९ लाख आणि खरा खर्च ५ लाख ६० हजार असेल, तर खरे उत्पन्न ३ लाख ४० हजार. अनुमानित पद्धतीत ते ४ लाख ५० हजार धरले जाईल. अनुमानित पद्धत घेतली की आणखी कोणताही खर्च, घसारासुद्धा, वेगळा मागता येत नाही. निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवावयाचे असेल आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही आले. लेखापरीक्षणाचे शुल्क आणि वाचणारा कर यांची तुलना ज्याने त्याने करावी.

औषधालयासाठी कलम ४४ एडी : उलाढालीच्या ८ टक्के, बँकेमार्फत वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के. येथे एक खड्डा आहे आणि तो आपल्यासारख्यांसाठीच आहे. वैद्यकासारखा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस हे कलम लागू नाही, असे त्याच्या सहाव्या पोटकलमात म्हटले होते. म्हणजे चिकित्सालय व औषधालय एकाच वैद्याच्या नावे असेल, तर औषधालयास ८ टक्क्यांची सोय घेणे वादास निमंत्रण ठरते. काही सल्लागार दोन्ही सोयी एकत्र घेतात; कलमाचे शब्द पाहता मला ते धोक्याचे वाटते. औषधालय पत्नीच्या नावे करण्याचा उपाय अनेक जण सुचवितात. भांडवल पतीने दिलेले असेल तर ते उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते, हे मात्र कोणी सुचवीत नाही. पत्नी स्वतः पदवीधर वैद्य किंवा औषधनिर्माती असून प्रत्यक्ष काम करीत असेल, तर तिला वाजवी वेतन द्यावे, बँकेतून द्यावे, आणि ते खर्चात धरावे.

केवळ औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी एक सूचना. लहान उत्पादकांकडून, म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या औषधशाळांकडून उधारीने माल घेतल्यास लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. मुदत उलटून ३१ मार्चला जी रक्कम देणे राहिली, तिची वजावट त्या वर्षी न मिळता प्रत्यक्ष दिली त्या वर्षी मिळते. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आली. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत भरले तरी चालेल, ही नेहमीची सवलत येथे नाही. आणि रुग्ण पाठविल्याबद्दल वैद्यास दिलेले कमिशन वा दिवाळीच्या भेटी ‘प्रसिद्धी’ या नावाखाली लिहू नयेत. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च अमान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०२२ च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने घेणाऱ्यास जे निषिद्ध ते देणाऱ्याचाही खर्च नव्हे, असे स्पष्ट केले.

न घेतलेले शुल्क आणि खराब झालेला साठा

आपल्याकडे असा एकही वैद्य नसेल ज्याने गरीब रुग्णाचे शुल्क सोडले नाही. वर्षअखेरीस ‘सोडलेले शुल्क’ खर्चात धरता येईल का, असे मला एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले होते. येत नाही, कारण जे शुल्क कधी जमेस धरलेच नाही ते खर्चात कसे येणार? मात्र त्या रुग्णास दिलेल्या औषधाची किंमत आपल्या खरेदीत आधीच आलेली आहे; साठ्यातून ते औषध कमी झाल्याची नोंद असली की पुरे. उलट बाजूने, रुग्णाने पैशांऐवजी दोन पायल्या तांदूळ किंवा मधाची बाटली दिली, तर काटेकोर अर्थाने तेही व्यवसायाचे उत्पन्नच. ते किती जण लिहितात, याची चौकशी मी करणार नाही.

साठ्याबाबत तर आपण फारच उदासीन असतो. वर्षभरात विकत घेतलेले सर्व द्रव्य खर्च ठरत नाही. ३१ मार्चला शिल्लक राहिलेले वजा करावे लागते. पण त्या शिलकीत काय आहे ते पाहावे. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते आणि काष्ठौषधी वर्षानंतर गुणहीन होते असे सांगितले. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात बुरशी व कीड त्याआधीच काम संपवितात. असा माल मूळ किमतीने शिलकीत दाखविणे म्हणजे नसलेल्या नफ्यावर कर भरणे. किंमत आणि बाजारमूल्य यांपैकी जे कमी ते धरता येते. नाश केलेल्या द्रव्याचे नाव, वजन, खरेदीची तारीख, नाशाचे कारण व दिनांक असा एक कागद दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करावा, छायाचित्र घ्यावे. गेल्या पावसाळ्यात माझी तीन पोती गुळवेल अशी गेली; तिचा कागद वहीला जोडलेला आहे.

वैद्यकीय व्यवसायासाठी १९६२ च्या नियमावलीने दैनंदिन रुग्णनोंदवहीचा नमुना ३ सी ठरविला होता. त्याच्या शीर्षकात शल्यचिकित्सक, दंतवैद्य यांच्यासह ‘वैद’ आणि ‘हकीम’ यांचाही स्पष्ट उल्लेख होता. तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, मिळालेले शुल्क, ते मिळाल्याची तारीख एवढेच रकाने. सोबत वर्षाच्या पहिल्या व अखेरच्या दिवशीच्या औषधसाठ्याची यादी. ५० रुपयांपर्यंतच्या खर्चास स्वतःच्या सहीचे व्हाउचर पुरे, त्यावरील खर्चास मूळ बिल. पन्नास रुपयांत आज पायलीभर आवळेही येत नाहीत, ही गोष्ट वेगळी. परिषदेचे नोंदणी-नूतनीकरण, व्यवसाय कर, संघटनेची वर्गणी, या त्रैमासिकाची वर्गणीसुद्धा, हे सर्व निर्विवाद खर्च आहेत. पावत्या तेवढ्या जपाव्यात.

माझ्या बाजारवहीच्या एका पानाची प्रत व नाश-नोंदीचा कोरा नमुना मी संघटनेच्या जिल्हा कार्यालयात ठेवला आहे. इच्छुकांनी झेरॉक्स करून घ्यावी. कुरखेडा, अहेरी, सिरोंचा भागांतील ज्या बंधूंनी याहून सोपी पद्धत बसविली असेल, त्यांनी ती पुढील अंकासाठी अवश्य लिहून पाठवावी.